डबी नंबर सतरा

कडोलीत, परशराम बिर्जेंच्या गोठ्यात
चांदरी रवंथ करत उभी.
अंगावर तकाकी, नाकपुड्या ओल्या,
सकाळचं सहा लिटर.
ताप नाही, ढाळ नाही.
मी हातमोजा चढवला, शेण घेतलं,
डबीवर लिहिलं : सतरा.

त्यांची नात बेळगावात, सिव्हिलच्या खाटेवर.
रक्त पडतंय, लघवी कमी झालीय.
सोमवारी धारेखाली पेला धरून
फेसाची मिशी लावून ती
गल्लीभर फिरली होती.

रिपोर्ट कन्नडात आला.
बिर्जेंनी तो लांब धरला, मग जवळ,
'वाचून सांगा की, बाई.'
वाचलं : जंतू सापडले.
'म्हणजे म्हस आजारी हाय?'
नाही. ठणठणीत आहे.
'मग?'

मग काय सांगू.
तिच्या आतड्यात ते घरच्यासारखे राहतात,
तिला त्रास देत नाहीत.
तिलाही ठाऊक नाही.

दूध उकळून प्या, म्हटलं. हात साबणानं धुवा.
ते मान हलवत राहिले.
चांदरीनं सवयीनं डोकं पुढं केलं,
त्यांनी सवयीनं कपाळ खाजवलं,

आणि मग तो हात
अंगापासून लांब धरून
नळापर्यंत चालत गेले,
कोपरानं चावी फिरवायला बघत.