आईसाठी हवंय

आफुरादाच्या धक्क्यावरलं हे औषधांचं दुकान
तेवीस वर्षं मी चालवते.
सर्दीचं, पित्ताचं, नवऱ्याच्या गुडघ्याचं
बायका दारातूनच ओरडून मागतात.
त्या एका पुडक्यासाठी मात्र
आधी खोकल्याच्या गोळ्यांचा भाव विचारतात,
दुकान रिकामं होईतो
टूथब्रशांचे रंग निवडत राहतात
आणि मग काउंटरला पोट टेकवून, हळूच :
आईसाठी हवंय.

ग्रासिएतची आई ईस्टरआधीच गेली,
शवपेटीमागून मीही चालले होते.
दुल्से तर अनाथाश्रमात वाढली.
मी काही बोलत नाही.
करड्या कागदात गुंडाळते, वर दोरा,
जणू आत पाव किलो चीज आहे.

एकदा हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर
नुसत्या रेघा मारल्या. नाव नाही, गाव नाही.
ऑक्टोबर ते नाताळ.
मग रविवारी मिस्साला
बायकांच्या बाकांवरल्या माना मोजल्या,
घरी येऊन पुन्हा रेघा.
जवळजवळ दर तिसरी मान.
वरच्या पट्टीत गाणारी ती,
शाळेतली व्यायामाची बाई, जेमतेम तिशीची,
आणि डोक्यावरून मासळी वाहिलेल्या म्हाताऱ्या,
त्यांतल्या तर किती.
उभं राहताना सगळ्या
गुडघे जुळवून, सावकाश उठतात.
इतकी वर्षं मला वाटायचं, भक्ती आहे.

माझी रेघ मी मारली नव्हती.
दुकानवालीला कुठे बिल लागतं?

परवा सार्वजनिक हौदावर चादरी धूत होतो.
नदीवरून वारा आला
आणि झुल्मिराच्या नवऱ्याची चड्डी दोरीवरून सुटली ती थेट
फोटो काढणाऱ्या एका पाहुण्याच्या टोपीवर.
हसलो. हौदाचं पाणी हिंदकळेस्तोवर हसलो.
मधेच झुल्मिराचं हसू तुटलं.
तिने कठडा धरला, पायात पाय अडकवला,
आणि म्हणाली, गेलं.

एवढंच.
नळ वाहत होता.
माझंही, म्हणाली एर्मेलिंदा, साबण न थांबवता.
पलीकडून कुणीतरी : माझं तर शिंकेलाच.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
उघडली तर आत फेस होता
आणि सगळ्यांच्याच बोटांना सुरकुत्या.
मीही बोलले. काय बोलले आठवत नाही,
आवाज माझाच होता.

आज ग्रासिएत आली, दारातूनच ओरडली,
मोठं पुडकं दे गं, आईसा...
थांबली.
आईच्या मुलीसाठी.

रांगेत दोन पुरुष होते. एक छताकडे बघू लागला.
मी पुडकं तसंच दिलं, कागदाशिवाय.
मग खोकल्याच्या बाटल्यांमागून
आरोग्य केंद्राची ती सूचना ओढून काढली,
दोन वर्षं तिथे दडवलेली :
व्यायाम शिकवतात, मंगळवारी, सहा वाजता.
खालचा पत्ता सिरप सांडून पुसला गेलाय.
विचारत जाऊ.