पातळी

थांबा, असं सांगून सांगून माझा घसा बसलाय.
उन्हाळ्यात होड्या भाड्यानं घेऊन शहरातली माणसं येतात,
हॉर्न वाजवतात, मनगटावरचं घड्याळ दाखवतात.
मी म्हणते, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी
एका पातळीला आल्याशिवाय
हे दार दहा ट्रॅक्टर लावले तरी हलायचं नाही.

एकवीस वर्षं झाली फ्रिसलंडच्या या कालव्यावर.
एका होडीमागे बारा मिनिटं.
बारा मिनिटांत मोज्याच्या दोन ओळी होतात
किंवा अर्धं पान.
मोजे मला कधी जमले नाहीत.

पुस्तक पाळकबाईंनी दिलेलं, देवशास्त्राचं,
पाठीला चिकटपट्टी.
आधीच्या कुणीतरी सतराव्या पानापर्यंत
पेन्सिलीनं रेघा मारल्यात, पुढे सगळं कोरं.
मेला असेल, की नुसताच कंटाळला?

गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं तेच वाचतो.
पाळकबाई, मी,
वीब्रेन, ज्यानं गायी विकल्या
पण पहाटे चारची जाग कुणी विकत घेईना,
आणि सायकली दुरुस्त करणारा तेस्फित, एरिट्रियाचा,
प्रत्येक वाक्य आधी ओठांत घोळवून मग मोठ्यानं वाचणारा.

तीन आठवडे एकाच ओळीवर अडलोय:
देवानं स्वतःला रिक्त केलं.

मी म्हटलं, हे तर मला रोज दिसतं.
वरची होडी खाली आणायची
तर काठावरून हाका मारून भागत नाही.
हौदानं आपलं पाणी सोडावं लागतं,
इंच इंच, भिंतीवरचं शेवाळ उघडं पडेपर्यंत.
देहधारण म्हणजे एवढंच असेल.
तो आमच्या पातळीला आला,
मग कुठे दार उघडलं.

वीब्रेननं मान डोलावली.
पाळकबाईंनी वहीत टिपून घेतलं,
रविवारच्या प्रवचनात येणार हे मी ओळखलं
आणि, खोटं कशाला बोलू, सुखावले.

तेस्फित कॉफी ढवळत राहिला,
साखर केव्हाच विरघळली होती.
मग म्हणाला,
आमची बोट भरत होती.
दूधपावडरीचा एकच डबा होता,
रात्रभर पाळीपाळीनं उपसत होतो.
माझी पाळी आली की मी मोजायचो.
शंभर झाले की पुढच्याच्या हातात.
एक बाई होती. ती मोजत नव्हती.
नाव मी विचारलं नाही.
उजाडलं तेव्हा डबा होता.

रिक्त म्हटलं की मला ती दिसते, तो म्हणाला.
पाणी नाही दिसत.

कुणी काही टिपून घेतलं नाही.
हीटर तेवढा कुरकुरत होता.
वीब्रेननं चष्मा काढला, पुसला,
आणि घालायचं विसरून बसून राहिला.

शनिवारी कालवा शांत असतो.
पहिली बार्ज वाळूची आली,
नावाडी ओळखीचा, हात हलवून चहा प्यायला बसला.
मी चाक फिरवलं, पाणी उतरू लागलं.

उद्या रविवार. आईकडे जायचं.
दोन ते तीन, केअरहोमच्या दिवाणखान्यात,
आई नेहमीसारखी विचारणार, तू कोण,
आणि तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर घड्याळ आहे.
मी मोजते.
आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पुस्तक उघडलं. तीच ओळ.
शेजारच्या कोऱ्या समासात
इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेन्सिल टेकवली
आणि लिहिलं: डबा.
पुढे काय लिहावं सुचेना.

मग उठले,
पाणी सारखं झालं का ते पाहायला.