नीळ

पार्सल पणजीहून आलं, रात्री पावणेअकराच्या बसने.
कंडक्टरने विचारलं, काय गं एवढं जपून?
म्हटलं, कोळसा.
तो हसला.

कुडाळ स्टँडवरून दवाखान्यापर्यंत
स्कूटरवर दोन्ही पायांत धरून आणलं ते नळकांडं.
खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत:
नारळाच्या करवंटीचा, वाफेत तापवून जागा केलेला, निर्जंतुक.
जागा केलेला.
कोळशालाही झोप असते म्हणजे.

बेड तीनवर डंबर.
नेपाळातून देवगडला आंब्याच्या राखणीला आलेला.
वय एकोणीस सांगतो, दिसतो सोळाचा.
मोहोर बघत झाडाखाली बसला होता, तहान लागली,
काजूच्या बुंध्याशी थंड पेयाची बाटली होती,
कुणीतरी तणनाशक ओतून ठेवलेली.
एक घोट. अर्धा थुंकला.
उरलेल्या अर्ध्यासाठी ही सगळी धावपळ.

शिरसाट मॅडम सांगून गेल्या,
धाप लागली तरी लगेच ऑक्सिजन लावू नकोस,
ह्या विषाला ऑक्सिजन म्हणजे सुक्या गवताला काडी.
मी मान हलवली.
तो माझ्या मानेकडे बघत होता.

नळकांडं उभं धरून सलाईनने धुतलं,
तळहाताने थोपटत राहिले
शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत.
मग पंप. रक्त नळीतून चढलं
आणि काळ्यात शिरलं.

आम्ही मडवळ. बाबांचं आचऱ्यात इस्त्रीचं दुकान,
पितळी इस्त्रीच्या पोटात करट्यांचे निखारे.
आई लग्नघरांच्या मागच्या दारी उभी राहायची,
खोबरं किसून झालं की करट्या गोणपाटात.
ती वाट बघायची तेव्हा मी लांब, रस्त्यावर.
मैत्रिणींनी बघू नये म्हणून.
बाबा म्हणायचे, धूर सरलो की मगेच ती कामाची.
ट्रेनिंगमध्ये सरांनी सांगितलं,
ह्यातला चमचाभर कोळसा उलगडला
तर शाळेचं पटांगण झाकेल, एवढी त्याच्या पोटात भोकं.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी गोणपाट आठवत बसले.

दुसऱ्या तासाला डंबरने डोळे उघडले.
बागेत राहून मालवणी शिकलाय,
हिंदीपेक्षा बरी बोलतो.
"दिदी, माजा रगात काळा जातला?"
"नाय रे. कोळसो थयच रवतलो."
त्याने नळीकडे बघितलं,
जाताना लाल, येताना लाल.
पटलं नसावं. पण झोपला.

चार तास. हेपरिन, दाब, पुन्हा दाब.
खिडकीबाहेर हायवेवर मासळीचे ट्रक गोव्याकडे.
मध्ये एकदा वाटलं
नळकांडं जड झालंय.
तसं होत नाही, मला ठाऊक आहे,
विष वजनाला किती असणार.
तरी हात लावून बघितला.
कोमट होतं, रक्ताएवढं.

पहाटे ते पिवळ्या पिशवीत बांधून टाकलं.
त्या जागलेल्या काळ्याला
कुणी काही विचारणार नाही.

मग लघवीची नळी. थोडा सोडा, चिमूटभर पांढरी पूड,
आणि वाट बघायची.
विष असेल तर निळं होतं.
काल शाईसारखं झालं होतं, 
आज फिकं,
पण निळं.

उजेडासमोर धरली
आणि मला बाबांची बादली दिसली,
धोतर पिळून ते असंच उन्हाकडे धरायचे.
नीळ किती हवी ते त्यांना बोटाला कळायचं,
बोटभर जास्त झाली की कापड उचलून
पुन्हा विहिरीवर.
अजून एक पाणी काढूक व्हया, म्हणायचे,
राग न धरता, कापडावरही नाही
आणि माझ्यावरही नाही, निळीची पुडी बहुतेक मीच सांडलेली असायची.

मॅडमना उठवलं.
मग पणजीला फोन लावला.
पलीकडचा माणूस अजून झोपेतच होता.
म्हटलं, आजच्या पावणेअकराच्या बसला
अजून एक पाठवा.