पिवळे रकाने

मगदूम अण्णांनी जाताना फाइल दिली, किल्ली दिली नाही.
म्हणजे दिली असती, पण तोवर त्यांना
जेवणाचा डबा कुठं ठेवला तेही आठवेनासं झालं होतं.
आता ते हुबळीला असतात, लेकीकडे.

फाइल हळदीची. सांगली, मार्केट यार्ड, आमचा गाळा.
पोती, वजन, दर, अडत, तोलाई, हमाली.
पिवळ्या रकान्यांत लिहायचं.
पांढऱ्याला हात लावला की पाटी येते:
हा सेल संरक्षित आहे.
"पिवळ्यातच लिव्हायचं, तबस्सुम.
पांढरं आपलं आपण बघतंय."

पहिल्या सौद्याला घाई होती.
बाहेर टॉवेलखाली बोटं दाबून दर ठरत होते,
राजापुरीची धूळ कीबोर्डच्या फटींत.
मागच्या वर्षाचा एक तुकडा उचलला,
कॉपी, पेस्ट,
आणि जिथं चिकटवला तो पिवळा रकाना
पांढरा पडला. बंद झाला.
आकड्यासोबत त्याचं कुलूपही आलं होतं.

लक्षात येईतो असे अकरा गेले.
आम्ही शिकलगार. धार लावणं रक्तात आहे,
कुलूप काढणं नाही.

हुबळीला फोन केला.
"अण्णा, पासवर्ड?"
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाले, "पेवाचं तोंड काढलंस व्हय?
लगेच उतरू नगंस. आधी कंदील सोड खाली.
इझला, तर दोन दिवस उघडंच ऱ्हाऊ दे."
हरिपूरचे ते. त्यांची हळद जमिनीच्या पोटात निजायची,
वरून माती, मातीवर बाभळी.
"बरं अण्णा," म्हटलं.

दोन दिवस फाइल नुसती उघडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यातल्या पोरानं दाखवलं:
कोरं पान घ्या. सगळं उचला.
चिकटवताना ते विचारतंय बघा, कसं पाहिजे?
तिथं म्हणायचं, फक्त आकडे.

आले. कुलूप नाही, रंग नाही, सूत्र नाही,
नुकत्या न्हायलेल्या पोरांसारखे उघडे आकडे.
सूत्रं मी माझी घातली. शेठ खूश.

शनिवारी हमालीचं वाटप.
गंगव्वानं तिच्या टोळीच्या नोटा दोनदा मोजल्या.
"सत्तर कमी हाईत, बाई."
"हिशेब बरोबर आहे, मावशी."
"हिशेब बरोबरच आसंल की. सत्तर कमी हाईत."

रात्री जुन्या पट्ट्या काढून बसले, पेनानं गुणाकार.
पोत्यामागे वीस पैसे.
कुठल्या करारात नाहीत, कुठल्या पावतीवर नाहीत.
न दिसणाऱ्या एका सूत्रातून
नऊ वर्षं झिरपत होते, अडतीच्या पोटातून,
शेठना न सांगता,
आणि गंगव्वालाही.

चोरी म्हणावी, तर अण्णांच्या अंगावर
नऊ वर्षं तीच एक करडी टोपी होती.

आत्ता नव्या पानावर हमालीचा रकाना उघडलाय.
वीस पैसे घातले. काढले. घातले.
वर लिहिलंय, शीट संरक्षित करा.
दाबलं, तर पासवर्ड मागतंय,
खात्रीसाठी पुन्हा एकदा मागणार आहे.
बाहेर कुणीतरी शटर ओढतंय,
"तबस्सुम, झालं का?"
रिकाम्या चौकटीत ती बारीक उभी रेघ
लुकलुकतेय.
विझली नाही अजून.