अकरा पावलं

तेहतीस वर्षं मी झाडं वरून पाहिली.
खांबावर, पट्ट्यात कंबर अडकवून,
हातात बांबू, बांबूच्या टोकाला कोयता.
शिरीष कितीही मागे सारा, पुन्हा तारेकडेच येतो,
गुलमोहर ठिसूळ, सांगून पडत नाही,
कडुनिंब कापला की दुप्पट फुटतो.
एवढंच माझं वनस्पतिशास्त्र.
मुळांचा आमच्या खात्याशी संबंध नव्हता.

एकदा मिरचीच्या पथारीजवळच्या गल्लीत
कौतिकबाईंचा निंब अर्धा उतरवला.
बाई ओट्यावरून उठल्या नाहीत.
पडलेल्या फांदीकडे बघत म्हणाल्या,
"तुले सावली भेटाव नही, भो."
शटडाउन दोन तासांचा होता.
मी पुढच्या खांबावर गेलो.

निवृत्तीनंतर नंदुरबारच्या कडेला प्लॉट घेतला.
काळी जमीन. उन्हाळ्यात अशी फाटते
की भेगेत पान्हा पडला तो पडलाच.
पहिल्या वर्षी सोनचाफा आणला,
रोज भर दुपारी पाणी घातलं,
त्याला तहान तेव्हाच लागत असणार म्हणून.
वैशाखात तो गेला.
उपटला, तर काळी पिशवी तशीच खाली.
मी पिशवीसकट लावला होता.
आत मुळं गोल गोल फिरून
सर्व्हिस वायरच्या वेटोळ्यासारखी घट्ट बसलेली.
मी जन्मात पहिल्यांदा मुळं बघत होतो.
इंदू म्हणाली, "बघितलं? आता हात धुवा."

मग तिनं शिकवलं.
खड्डा दोन फूट, तळाला मुरूम,
शेणखत जुनं, वास न येणारं, मूठभर निंबोळी पेंड.
पाणी सूर्य उगवायच्या आधी, बुंध्यापासून हातभर लांब.
कूलरचं उरलेलं पाणी घालायचं नाही, खारट होतं.
नळ सहा दिवसांनी येतो, म्हणून
बुडाला भोक पाडून मडकं पुरायचं,
भोकात सुताची वात, तोंडावर कवेलू.
आणि रोज उकरून बघायचं नाही.
हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

जास्वंदीवर पांढरा ढेकण्या आला, साबणाच्या पाण्यानं गेला,
पुन्हा आला. ते अजून चालूच आहे.

कढीपत्त्यासाठी मात्र कौतिकबाईंकडे गेलो.
का तिथेच, ते इंदूनं विचारलं नाही.
निंब होता. एका अंगानं वाढलेला,
सगळा घराकडे झुकून, रस्त्याला पाठ करून.
बाईंना आता कमी दिसतं.
कोण, कुठला, काही न विचारता
खुरप्यानं बुंध्याजवळचा एक फुटवा सोडवला,
ओल्या गोणपाटात बांधून दिला.
"माती संगे लई जाय. मुयाले वारा लागू देऊ नको."
तोंडाशी आलेलं सांगितलं नाही.
त्या निंबाखालून चालत रस्त्यावर आलो
आणि उन्हात आल्यावर कळलं, मघाशी सावलीत होतो.

बकुळ लावली त्या दिवशी तारेपासून पावलं मोजली.
अकरा. पसारा कितीही झाला
तरी कुणाला बांबू उचलावा लागणार नाही.
लोकांना वाटलं म्हातारा वास्तुशास्त्र बघतोय.

परवा जयसिंग वळवी आला, माझ्या जागेवरचा पोरगा.
शिडी भिंतीला टेकवून बकुळीकडे पाहत राहिला.
दीड वर्षात कमरेएवढी, सात पानं नवी, तांबूस.
"मोजून लावली आहे," मी म्हणालो.
तो हसला नाही. डोकं खाजवलं.
"काका, नवी लाइन मंजूर आहे ना.
ती ह्या बाजूनं येतेय."
आणि हातानं दाखवलं, कुठून कुठे.
बरोब्बर वरून.

इंदूनं चहा आणला. तो बशीत ओतून प्यायला,
शिडी खांद्यावर घेऊन गेला.
मी कवेलू उचलून मडक्यात डोकावलो.
पाणी बोटभर उरलेलं. भरलं.
बकुळ सावकाश वाढते.
आमचं खातंही.