अनामत

बँकेतल्या जॉर्डनी पोराने विचारलं,
घराण्यात आधी कुणाचा धंदा होता का?
नाही, म्हटलं.
चौकोनात फुली मारून तो पुढच्या पानावर गेला.

खोटं होतं.
गुहागरला आमच्या पडवीत गोटी सोडा भरायचे,
'खेडेकर सोडा', हिरवी जाड काच,
आणि सिलिंडर असा फुसफुसायचा
की आई म्हणायची, ही माझी सवत.
तीन उन्हाळे चाललं. मग एस्टीच्या टपावरून
आल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, न फुटणाऱ्या.

बंद केलं त्या आठवड्यात अण्णांनी मला सोबत नेलं.
पिशवीत चिल्लर, प्रत्येक टपरीवर एकच वाक्य:
बाटल्या राहू द्या, तुमची अनामत घ्या.
शिंगणकरांच्या पोराने, माझ्याच वर्गातल्या,
हसत मोजून घेतले पैसे.
दोनदा.

आता अजमानला, नुऐमियात,
माझ्या दोन गाड्या घरोघर पाणी टाकतात,
जारमागे पस्तीस दिरहम अनामत.
लायसन्सवर नाव माझं, दुकानाच्या भाड्यात नीलमचा पगार.
तिची दवाखान्यात रात्रपाळी, आम्ही भेटतो जिन्यात,
ती चढताना, मी उतरताना,
गाडीची किल्ली या हातातून त्या हातात.
पोरगी शनिवारी जार धुते, मजुरी मागते.
मी विषय बदलतो.

अण्णा व्हिजिटवर आलेत महिनाभर.
गल्ल्याशेजारी बसतात, बोलत नाहीत,
अधूनमधून एखाद्या जारवर टिचकी मारून
आवाज ऐकतात.

काल इद्रीस मास्तर आला, सुदानचा.
नोकरी गेली, घर सोडतोय.
सात जार परत आणलेले, पावती हरवलेली.
पावतीशिवाय अनामत नाही,
भिंतीवर मीच लिहून घेतलंय, तीन भाषांत.
मी बोट दाखवलं.

अण्णा उठले. वाटलं, आता बोलणार.
पण ते नुसते बाहेर जाऊन उभे राहिले,
ऑगस्टच्या, दुपारी दीडच्या उन्हात,
डोक्यावर काही न घेता,
पाठ माझ्याकडे.

मास्तर जार सरळ रांगेत लावत होता,
जणू वर्गातली पोरं.
मी गल्ला उघडला. सात पस्ते दोनशे पंचेचाळीस.
त्याने न बघताच नोटा खिशात कोंबल्या.

अण्णा दारात आले, घामाने निथळत.
'त्याला म्हणावं, मोजून घे.
हिशोब आहे तो, भीक नाही.'

मी हिंदीत सांगितलं.
इद्रीसने नोटा बाहेर काढल्या, काउंटरवर पसरल्या,
मोजल्या.
दोनदा.