शेवटच्या सालचं पोलाद

घणसोली गावात, मढव्यांच्या पडवीत,
सोडणांच्या ढिगाशेजारी तो उभा होता:
मूठ ओंडक्यात ठोकलेली, टोक वर.
“त्याला कं बगतंस,” चांगुणाबाई म्हणाल्या,
“नारल सोलाचा हाय त्यो. सासऱ्यान आनलेला, बरम्याशी.”
नारळ टोकावर घातला, पिळला.
तीन हिसक्यांत उघडा.

मी गुडघे टेकले. चष्मा बदलला.
आडणी सरळ. आधीच्या सालांत तिला आकडी असते,
समोरच्याचं पातं अडकवायला.
पन्हळ नाही. पॉलिश नाही.
कानशीचे ओरखडे आडवे, तसेच ठेवलेले.
बुडाशी गंज नखानं खरवडला, तर
चार बारीक वर्तुळं, एकमेकांवर रचलेली:
कोकुराचा कारखाना.
साल लिहिलेलं नसतं.
साल घाईवरून ओळखायचं.

असे तीन बायोनेट आहेत माझ्याकडे, कोपरीच्या घरात,
कपाटावर, जुन्या चादरीत.
रायफल एकही नाही, ती फक्त फोटोंत पाहतो:
दस्त्याच्या टाचेला लोखंडाऐवजी फळीचा तुकडा,
नेम धरायला सरकतं माप नाही, एकच भोक,
नळीच्या मुळाशी कोरलेली शेवंती
ग्राइंडरनं पुसलेली.
मुलगा विचारतो, चांगल्या सोडून
तुम्ही नेमक्या ह्याच का बघता?

वागळे इस्टेटला एकतीस वर्षं टूलरूममध्ये होतो मी.
शेवटच्या वर्षी बफिंगचा माणूस गेला,
त्याच्या जागी कोणी आलं नाही.
मग भट्टी आठवड्यातून एकदाच पेटायला लागली.
मग ड्रॉइंगवरच्या चेम्फरवर साहेबांनी
लाल पेनानं फुली मारली,
“कोण बघतंय, बोराडे?”
आणि प्रत्येक नगावर शिक्का मारणारा मीच.
हातोडीचा एक ठोका. पास.

इथंही कोणीतरी मारलाय.
वर्तुळं जराशी तिरकी, उजवीकडचं खोल गेलेलं:
हात दमलेला असेल,
किंवा चौदा वर्षांचा.
व्हर्नियरवर ते येत नाही.

काही हजार तरी मिळतील, मी खरं ते सांगितलं.
“पैशे नको,” म्हणाल्या. “आसाच दुसरा करून दे,
मंग ने. पन सोलला पायजे.”

तीन आठवडे झाले.
कळव्याच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचं पातं आणलं,
बाल्कनीत व्हाइस बसवला.
शेजारचे सामंत कानशीच्या आवाजावरून
दोनदा बोलून गेले.
आडणी सरळच ठेवलीय.
पन्हळीचं अजून ठरत नाही.
नारळाला तिची गरज नाही,
पण माझ्याकडे आता वेळ आहे.